शहापूर-मुरबाडला अर्धा दिवस पुरत नाही

सुट्टीचे बेत आखणाऱ्यांचं एक गणित आता पक्कं झालं आहे. हाताशी नऊ-दहा दिवस असतील तर चार-पाच किनाऱ्याला, दोन-तीन एखाद्या बेटाला आणि परतीच्या वाटेवर जमलं तर अर्धा दिवस ‘आतल्या भागाला’. या अर्ध्या दिवसात शहापूर आणि मुरबाड बसवले जातात. शहापूर म्हणजे नाशिकच्या रस्त्यावर गाडी थांबवून वडापाव खाण्याची जागा, मुरबाड म्हणजे माळशेजला जाताना मागे पडणारी बाजारपेठ. काही जण याच्याही पुढे जातात. या दोन तालुक्यांत मुक्काम करावा असं काही नाहीच, मोठी हॉटेलं, तरणतलाव, काचेचे पूल होत नाहीत तोवर इकडे कोणी फिरकणार नाही, आणि ते झाले की लोक येतील, इथल्या गरिबांचं भलं होईल, असं ते सांगतात. ही समजूत चुकीची आहे. तिच्यामुळे प्रवासी एका मोठ्या मुलखाला मुकतोच, पण खरी किंमत इथल्या पाड्यांना मोजावी लागते. म्हणून तिचा प्रतिवाद करायला हवा.

किनारा, बेट आणि आतला मुलूख हे तीन सुटे प्रदेश धरले, तिथेच पहिली चूक झाली. नकाशा उघडून पाहा. माळशेजच्या कड्यांवरून उतरणारं पाणी काळू नदीला मिळतं, कसाऱ्याच्या डोंगरांतलं भातसेला. दोन्ही नद्यांचं पाणी पुढे उल्हासमध्ये जातं. उल्हास ठाण्यापाशी पोचते आणि खाडीच्या दोन फाट्यांनी साष्टी बेटाला वेढा घालून समुद्राला मिळते. साष्टी आणि तिच्या दक्षिणेची, भराव घालून एकजीव केलेली सात बेटं म्हणजे आजची मुंबई. म्हणजे बेट पाहायला अंदमानची किंवा बालीची तिकिटं काढणारं मुंबईकर कुटुंब मुळात बेटावरच राहतं, आणि त्या बेटाभोवतीच्या खाडीत शहापूर-मुरबाडचा पाऊस वाहत असतो. कसारा लोकलने निघालं तर अडीच-तीन तासांत हा सगळा उतार उलटा चढून थळ घाटाच्या पायथ्याशी येता येतं. रेल्वेने तो घाट 1865 सालीच सर केला. ज्या मुलखाला रोज लोकल जाते, तो सुट्टीच्या बेतात मात्र एका टोकाला पडलेला असतो.

‘पाहण्यासारखं काही नाही’ हे म्हणणं ज्याने नाणेघाट खालून चढलेला नाही त्याचंच असू शकतं. दोन हजार वर्षांपूर्वी पश्चिमेकडून आलेली गलबतं शूर्पारक आणि कल्याण या बंदरांत लागत. शूर्पारक म्हणजे आजचं नालासोपारा. तिथे अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे मिळाले आणि 1882 साली भगवानलाल इंद्रजींनी तिथला स्तूप उकरला. कल्याणची नोंद ‘पेरिप्लस’ या ग्रीक भाषेतल्या सागरी वाटाड्यात आहे. बंदरांत उतरलेला माल बैलांच्या पाठीवरून मुरबाडच्या मैदानातून आत येई, आजच्या वैशाखरे गावाजवळून घाटाला लागे आणि जुन्नरमार्गे पैठण-तेरपर्यंत जाई. घाटमाथ्यावरच्या लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लेख आहे. कोणते यज्ञ केले, दक्षिणेत किती गाई, किती घोडे, किती कार्षापण दिले, याचे आकडेच्या आकडे त्यात कोरलेले आहेत. भारतीय अंकचिन्हांच्या इतिहासात या लेखाला फार मोलाचं स्थान आहे. तिथेच सातवाहन कुळातल्या माणसांच्या मूर्ती होत्या, आता फक्त पावलं उरली आहेत. बाहेर वाटेवर दगडी रांजण आहे, ज्याला लोक जकातीचा रांजण म्हणतात.

आता या ठिकाणाला भेट कशी दिली जाते ते पाहा. जुन्नरच्या बाजूने गाडी थेट माथ्यावर जाते. पावसाळ्यात वाऱ्याने वर उडणारा ‘उलटा धबधबा’ मोबाइलमध्ये घेतला जातो, लेण्यात डोकावून फोटो होतो आणि मंडळी दुपारच्या जेवणाला परततात. नाणेघाट पाहिला असं मग सांगितलं जातं. पण घाट ही चढायची गोष्ट आहे. वैशाखऱ्याच्या बाजूने पायवाटेला लागलं, दोन-तीन तास जंगलातून आणि कातळात खोदलेल्या पायऱ्यांवरून वर आलं, की समुद्राचा माल देशावर नेणं म्हणजे काय कष्ट होते ते पोटऱ्यांना कळतं. किनारा, बंदर, मैदान, घाट आणि पठार एका दमात जोडणारा याहून चांगला प्रवास महाराष्ट्रात मला ठाऊक नाही. त्याची सुरुवात मुरबाड तालुक्यात होते आणि त्याला एक पूर्ण दिवस लागतो.

गडांचं सांगायचं तर आसनगाव स्टेशनपासून जवळ असलेला माहुली घ्या. 1636 साली शहाजीराजांनी निजामशाहीचा बालवारस हाताशी धरून याच गडाचा आश्रय घेतला. मोगल आणि आदिलशाही फौजांच्या वेढ्यापुढे त्यांना तह करावा लागला आणि निजामशाही संपली. सिद्धगडावर 2 जानेवारी 1943 रोजी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील इंग्रजांच्या पोलिसांशी लढताना हुतात्मा झाले. विजेचे मनोरे पाडून मुंबईकडच्या कारखान्यांचा पुरवठा तोडणारा त्यांचा आझाद दस्ता याच रानात वावरत होता. गोरखगड, मच्छिंद्रगड, मोरोशीचा भैरवगड, डेहण्याच्या डोक्यावरचा आजोबा डोंगर ही नावं मी नुसती घेतो, कारण प्रत्येकावर स्वतंत्र लिहावं लागेल.

मला थांबायचं आहे ते म्हशाला. मुरबाड तालुक्यातल्या म्हसा गावी पौष पौर्णिमेला जत्रा भरते. बैलांचा मोठा बाजार लागतो, आणि घोंगड्या, शेतीची अवजारं, भांडी, टोपल्या असं शेतकऱ्याच्या घराला लागणारं सगळं तिथे विकायला येतं. झोडणी होऊन भात घरात आलेलं असतं, हातात चार पैसे असतात, आणि पुढच्या हंगामाची बैलजोडी याच दिवसांत ठरते. ठाणे, रायगड आणि घाटावरचा शेतकरी इथे एकमेकांशी व्यवहार करतो. किनाऱ्यावरच्या एखाद्या गावात पर्यटकांसाठी म्हणून भरवलेला महोत्सव पाहायला माणसं विमानाने जातात. इथे कुणासाठीही न भरवलेली, स्वतःच्या गरजेने भरणारी जत्रा आहे आणि सुट्टीच्या एकाही पत्रकात तिचं नाव नसतं.

रानाचंही असंच. 1970 साली जाहीर झालेलं तानसा अभयारण्य शहापूर तालुक्यातून जातं. एकेकाळी नामशेष समजला गेलेला आणि 1997 साली खानदेशात पुन्हा सापडलेला रानपिंगळा 2014 मध्ये तानसाच्या जंगलातही दिसला. जगभरातले पक्षीनिरीक्षक ज्या पक्ष्यासाठी नकाशे चाळतात तो मुंबईच्या पाण्याच्या पाइपलाइनजवळच्या सागाच्या रानात राहतो. किनारा-बेट-आतला मुलूख हा प्रवास अलीकडे कुणी पुरा केला असेल तर तो एका बिबट्याने. 2009 साली पारनेर तालुक्यात विहिरीत पडलेल्या या बिबट्याला वाचवून, गळ्यात जीपीएस पट्टा घालून माळशेजला सोडलं. अभ्यासकांनी त्याचं नाव ‘आजोबा’ ठेवलं. महिन्याभरात शंभरावर किलोमीटर चालत, कसाऱ्याची रेल्वे, महामार्ग आणि वसईची खाडी ओलांडून तो साष्टीवरच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात पोचला. 2011 मध्ये मुंबई-अहमदाबाद महामार्गावर वाहनाच्या धडकेने तो गेला. घाटापासून बेटापर्यंतचं रान अजून तुटलेलं नाही, हे त्याच्या चालण्याने सिद्ध झालं. ते जोडलेलं राहील की नाही, हे आपण या मधल्या तालुक्यांकडे कसं पाहतो त्यावर ठरणार आहे.

आता सोयींचा मुद्दा. मला तो सगळ्यात जास्त खुपतो.

मुंबईला पाणी देणाऱ्या सात जलाशयांपैकी तानसा, मोडकसागर आणि भातसा शहापूर तालुक्यात आहेत. तानसा 1892 पासून शहराला पाणी देतो आहे. मोडकसागर 1950च्या दशकातला, भातसा त्यानंतरचा. शहराच्या पाण्यातलं जवळपास निम्मं एकट्या भातसातून येतं. मुरबाडच्या बाजूचं बारवी धरण एमआयडीसीचं. अंबरनाथ-बदलापूर-डोंबिवलीचे कारखाने आणि वस्त्या त्यावर जगतात, आणि त्याची उंची टप्प्याटप्प्याने वाढवताना गावं उठली. या तालुक्यांत वर्षाला दोन-अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तरीही मार्च उलटला की कसारा, डोळखांबच्या वरच्या पाड्यांत टँकरची वाट पाहणं सुरू होतं. टँकर येतो, विहिरीत पाणी ओततो आणि बायका ते दोरीने शेंदून हंड्यात भरतात. काळा पाषाण पाणी धरत नाही, पाऊस उतारावरून धावत जातो. जिथे तो अडवला जातो तिथून तो नळाने शहरात पोचतो. इगतपुरीजवळच्या भावली धरणातून या गावांना उताराने पाणी देण्याची योजना आखली गेली, पण पाड्यावरच्या बाईला योजना नको आहे, एप्रिलमध्ये भरलेला हंडा हवा आहे.

अशा ठिकाणी मे महिन्यात सुट्टीला आलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो, ‘स्विमिंग पूल आहे का?’ त्याच्यासाठी फार्महाऊसवाला खोल बोअर मारतो. या खडकात भूजल म्हणजे भेगांमध्ये अडकलेलं थोडंसं पाणी. एका बोअरने ते उपसलं की शेजारच्या उघड्या विहिरीचा तळ दिसायला लागतो. तरणतलावात उतरलेल्या मुलाला हे कुणी सांगत नाही आणि त्याचा त्यात काही दोष नाही. दोष आहे तो ‘सोय’ कशाला म्हणायचं हे ठरवणाऱ्यांचा. आमच्या पाण्यावर निम्मी मुंबई तहान भागवते, आणि तरीही आमच्याकडे सोयी नाहीत असं मुंबईहून येऊन सांगितलं जातं, हे मला मुळीच मान्य नाही.

पण रोजगाराचं काय, असं लगेच विचारलं जाईल. प्रश्न रास्त आहे. दिवाळी झाली की इथली कातकरी कुटुंबं मुलाबाळांसह वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. त्यांना गावात काम मिळालं तर त्याहून चांगलं काही नाही. पण रिसॉर्टमधून नेमकं कोणतं काम मिळतं ते जवळून पाहावं. चौकीदारी, झाडलोट, बागकाम, स्वयंपाकघरात भांडी. जमीन बाहेरच्याची, नफा बाहेरचा, किराणा कल्याणहून येतो, आणि रविवारी रात्री रिकाम्या बाटल्या ओढ्यात राहतात. सिंधुदुर्गकडे पाहा. 1997 मध्ये तो पर्यटन जिल्हा जाहीर झाला. तिथे मालवण-तारकर्लीत बऱ्याच घरांनी स्वतःच्या दोन खोल्या पाहुण्यांना दिल्या, जेवण घरातल्या बाईनेच रांधलं, न्याहारी-निवास योजनेत नावं नोंदवली. तिथेही सगळं चांगलंच झालं असं नाही, किनाऱ्यावर जमिनीचे दलाल फिरतात. पण पैसा थेट चुलीपर्यंत पोचण्याची एक वाट तरी तिथे तयार झाली. शहापूर-मुरबाडमध्ये ही वाट बांधायचा विचारही न करता थेट फार्महाऊसच्या प्लॉटची जाहिरात केली जाते.

माळशेज घाटात काचेचा स्कायवॉक उभारायचा प्रस्ताव गेली काही वर्षं चर्चेत आहे. त्याने मुरबाडचं भाग्य उजळेल, असं सांगितलं जातं. मला ते पटत नाही. कड्यावरून खाली पाहायला माळशेजला आजही लोक जातात, आणि कड्याखालीच मुरबाड तालुका आहे. वरून पाहून परतणाऱ्याची संख्या दुप्पट केल्याने खालच्या मोरोशी-वैशाखऱ्याच्या घरात काय येणार? घाट दरड कोसळण्यासाठी प्रसिद्ध. तिथे अरुंद राष्ट्रीय महामार्गावर आणखी गाड्यांची रांग लावायची आणि पावसाळ्यात त्या रांगेवर दरडीची टांगती तलवार ठेवायची, याला मी विकास म्हणणार नाही. तोच पैसा घाटाच्या पायवाटा, जुन्या पायऱ्या, पाण्याची टाकी आणि पायथ्याच्या गावांतल्या घरांसाठी खर्चावा.

पावसाळी रविवारची गोष्ट थोडक्यात. कसाऱ्याजवळचा विहीगावचा धबधबा ‘अशोका’ चित्रपटात झळकला आणि तेव्हापासून त्याला गर्दीचा वेढा पडला. दरवर्षी बुडून माणसं जातात. मग जिल्हाधिकारी धबधबे, धरणं, ओढ्यांवर बंदीचा आदेश काढतात. जगातही हेच घडलं. थायलंडची माया बे ही खाडी 2018 मध्ये सरकारला बंद करावी लागली आणि 2022च्या सुरुवातीला मर्यादित लोकांसाठीच उघडली. फिलिपिन्सचं बोराकाय बेट सहा महिने बंद ठेवावं लागलं. किनारे आणि बेटं ज्या गर्दीने गुदमरली तीच गर्दी आपण चार पावसाळी रविवारांत एका तालुक्यावर आणून घालतो आणि मग ‘तिथे काय आहे, नुसता चिखल आणि ट्रॅफिक’ असा शेरा मारून मोकळे होतो.

माझ्यावर येणारा सगळ्यात वजनदार आक्षेप वेगळाच आहे. ‘तुम्हीच लोकांना इकडे या म्हणता, उद्या इथेही तसंच होईल.’ ही भीती खोटी नाही. काजव्यांच्या दिवसांत भंडारदऱ्याच्या रस्त्यावर लागणाऱ्या गाड्यांच्या रांगा आणि त्यांचे दिवे आपण पाहिले आहेत. पण त्याच अकोले तालुक्यात पुरुषवाडीही आहे. तिथे गाव मिळून ठरवतं, पाहुणे घरोघरी वाटून दिले जातात, जेवण घरातलंच असतं आणि किती जण घ्यायचे हे गावाच्या हातात राहतं. शहापूर तालुका पूर्ण पाचव्या अनुसूचीत आहे, मुरबाडची काही गावंही. 1996चा पेसा कायदा आणि 2014चे राज्याचे नियम यांनी इथल्या ग्रामसभांना पाणी, वनोपज, जमीन यांबाबत बोलण्याचा अधिकार दिला आहे. किती गाड्या, कोणत्या महिन्यात, कुणाच्या घरी, बोअर कुठे नाही, हे ग्रामसभेने ठरवावं आणि तालुका प्रशासनाने तिच्या मागे उभं राहावं. गर्दीची भीती दाखवून मुलूख बेतातून वगळला तर तो सुरक्षित राहत नाही, तो प्लॉट पाडणाऱ्यांच्या हाती जातो. समृद्धी महामार्ग आता शहापुरातून गेला आहे, त्यामुळे हे आणखी जोरात होणार आहे.

म्हणून बेत कसा आखावा ते सांगतो. दिवाळीनंतर या. भात झोडून होतं, नद्यांना पाणी असतं, हवा चालायला बरी असते. नालासोपाऱ्याच्या स्तूपापासून आणि वसईच्या किल्ल्यापासून सुरुवात करा, एक दिवस घारापुरीच्या बेटाला द्या. मग कल्याणहून एसटीने मुरबाडला या आणि नाणेघाट खालून चढा. पौषात आलात तर म्हसा चुकवू नका. सिद्धगडला 2 जानेवारीला माणसं जमतात, त्यांच्यात मिसळा. मग शहापूरकडे वळा, माहुली चढा, आणि तानसाच्या रानात पहाटे वाटाड्यासह फिरा. धरणाच्या भिंतीवर जायला महापालिकेची परवानगी लागते, ती आधी घ्या. पावसाळ्यात यायचंच असेल तर धबधबा सोडून लावणीला या. तेव्हा शेवळं आणि करटुली बाजारात येतात, आणि तांदळाच्या भाकरीबरोबरची शेवळाची भाजी कोणत्याही बेटावर मिळणार नाही. वाटाड्या गावातलाच घ्या आणि ठरलेली रक्कम त्याच्या हातात द्या. जेवण ज्या घरी कराल तिथे आदल्या दिवशी कळवा, कारण दोन माणसांचं जास्तीचं पाणी तिथे कुणीतरी डोक्यावरून आणणार असतं.

मे महिन्यात मात्र इकडच्या तरणतलावाचं बुकिंग करू नका. एजंटने नाव सुचवलं तर पाणी कुठून येतं हे विचारा, आणि उत्तर मिळालं नाही तर ती जागा नाकारा. हे दोन शब्द बोलायला तुम्हाला काही खर्च येत नाही, पण असे पाचशे नकार गेले तर शहापूर-मुरबाडमध्ये पुढचा बोअर मारण्याआधी मालकाला विचार करावा लागेल.